गोळी लागू पडली नाही म्हणजे सगळं संपलं असं नाही

तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर तुमच्या लक्षात येईल. वय ४६. मधुमेह नऊ वर्षांपासून. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू, वर्षभरापासून डापाग्लिफ्लोझिन, बीपीसाठी मेटोप्रोलोल. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ८.९. दीड वर्षापासून लिंगाची ताठरता हळूहळू कमी होत गेली आणि सहा महिन्यांपासून संबंध जवळजवळ बंद आहेत. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय सिल्डेनाफिलच्या गोळ्या आणल्या, दोनदा घेतल्या, उपयोग झाला नाही. मित्र सांगतो, मेटफॉर्मिन बंद कर, त्यानेच होतंय. बायको म्हणते, तुमचं मन दुसरीकडे आहे. शेवटी तुम्ही लिहिलंय, "डॉक्टरांना विचारायची लाज वाटते, कोणती गोळी घेऊ एवढंच सांगा."

नुसतं गोळीचं नाव सांगितलं तर तुमचं नुकसान होईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी सांगली भागात चोवीस वर्षं मधुमेहाचे रुग्ण बघतोय. कोणती गोळी, हे ठरवायला पाच मिनिटं पुरतात. त्याआधी हे आत्ताच का झालं आणि याच्याबरोबर शरीरात आणखी काय बिघडलंय, हे शोधावं लागतं. तुमच्या बाबतीत त्याचं नेमकं उत्तर तपासल्याशिवाय कोणीच देऊ शकणार नाही. पण तपासताना मी काय बघेन आणि का, ते सांगू शकतो.

पहिल्यांदा लाजेबद्दल. माझ्याकडे येणारे पुरुष हा विषय कसा काढतात सांगू? बायको बरोबर असेल तर तिला खाली मेडिकलमध्ये औषधं आणायला पाठवतात. मग खुर्ची जराशी पुढे ओढतात आणि म्हणतात, "डॉक्टर, थोडा वीकनेस वाटतोय." कुठे वाटतोय विचारलं की "अंगातच." कोणी म्हणतो पूर्वीसारखा जोर राहिला नाही, कोणी नुसतं "ते होत नाही" म्हणून खाली बघतो. आता मी त्यांची वाट बघत नाही. दर वर्षी पाय तपासतो, डोळ्यांसाठी पाठवतो, तसं हेही स्वतःहून विचारतो, कारण न विचारता सांगणारे फार थोडे. देशोदेशींचे अभ्यास एकत्र केले तर मधुमेही पुरुषांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त जणांना ही अडचण कमी-अधिक प्रमाणात असते, आणि ती इतर पुरुषांपेक्षा दहा-पंधरा वर्षं लवकर सुरू होते. तुमच्या डॉक्टरांनी हे असंख्य वेळा ऐकलेलं आहे, हे धरून चाला.

आता हे होतं कसं. लिंगाला ताठरता येते ती रक्तामुळे. इच्छा झाली की मज्जातंतूंच्या टोकांमधून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, तिथले स्नायू सैल पडतात, रक्त आत शिरतं आणि आतच कोंडून राहतं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की मज्जातंतू आणि अस्तर दोन्हींना घाव बसतो. शेतकरी रुग्णांना मी सांगतो, मोटरीची वायर उंदराने कुरतडली आणि पाइपातही गाळ बसला, असं दोन्ही एकदम झालंय. नुसती वायर जोडून पाणी पूर्ण दाबाने येत नाही. मधुमेहात गोळी इतरांइतकी हमखास लागू पडत नाही, ती यामुळेच.

तपासायला बसलो की माझा पहिला प्रश्न असतो, पहाटे झोपेतून उठताना ताठरता असते का? ती चांगली असेल आणि फक्त बायकोजवळ गेल्यावर जात असेल, तर वाहिन्या-मज्जातंतू बऱ्यापैकी शाबूत आहेत आणि काळजी, भीती, घरातला ताण यांचा वाटा मोठा आहे. पहाटेचीही गेली असेल आणि सगळं हळूहळू होत गेलं असेल, तर बिघाड शरीरातला. तुम्ही "हळूहळू" लिहिलंय, म्हणून माझा कल दुसरीकडे आहे. तरी बहुतेक वेळा दोन्ही मिसळलेलं असतं. एकदा फजिती झाली की पुढच्या वेळी माणूस आधीच धास्तावतो, आणि धास्तीने उरलीसुरली ताठरताही जाते.

मग मी पायांकडे वळतो. तळव्यांना मुंग्या येतात का, जळजळ होते का, चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी कळत नाही असं होतं का? चप्पल हरवलेली कळत नसेल तर त्याच प्रकारचे मज्जातंतू इतरत्रही मार खात असणार. उठून उभं राहिल्यावर अंधारी येते का, लघवी पूर्ण होत नाही असं वाटतं का, हेही विचारतो. तंबाखू, मावा, सिगारेट, दारू यांचा हिशेब घेतो. घोरणं विचारतो. शेवटी मन कसं आहे ते विचारतो, कारण उदासीनतेत इच्छाच मरते आणि माणूस तिलाही "वीकनेस" म्हणतो.

यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो, ती नीट वाचा. लिंगाच्या आतल्या धमन्या साधारण एक ते दोन मिलिमीटर रुंदीच्या असतात, हृदयाच्या धमन्या तीन ते चार मिलिमीटरच्या. वाहिन्या खराब होऊ लागल्या की बारीक वाहिनी आधी तक्रार करते. त्यामुळे बऱ्याच पुरुषांमध्ये ताठरतेची अडचण हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षं आधी दिसते.

काही वर्षांपूर्वी बावन्न वर्षांचे एक ऊस उत्पादक असेच आले होते. छातीत दुखणं नाही, काही नाही. तक्रार एवढीच. त्यांना गोळी हवी होती, आणि मी ट्रेडमिल टेस्ट सांगितली म्हणून ते माझ्यावर नाराज झाले. "मी विचारतोय काय आणि तुम्ही करताय काय," असं म्हणाले. टेस्टमध्ये दोष आला, अँजिओग्राफीत एक मोठी वाहिनी जवळजवळ बंद निघाली आणि स्टेंट बसला. गोळी मी त्यांना नंतर दिली, हृदयरोगतज्ज्ञांना विचारून. प्रत्येकाच्या हृदयात असं निघतं असं मुळीच नाही. पण मधुमेह, बीपी आणि ताठरतेची अडचण तिन्ही एकत्र असताना ईसीजी, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाची तपासणी आणि गरज वाटल्यास टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) किंवा ट्रेडमिल केल्याशिवाय मी गोळीची चिठ्ठी लिहीत नाही. संबंधाचा श्रम साधारण दोन मजले न थांबता चढण्याइतका असतो. तुम्हाला दोन मजल्यांत धाप लागत असेल किंवा छाती भरून येत असेल, तर आधी त्याचं बघायचं.

तुमच्या चालू औषधांबद्दल. मेटफॉर्मिनमुळे ताठरता जाते याला भक्कम आधार नाही. ते मित्राच्या सांगण्यावरून बंद केलंत तर साखर वाढेल आणि मूळ दुखणं वाढेल. एवढं मात्र खरं की मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यावर काहींचं बी-१२ कमी होतं आणि त्यानेही मज्जातंतू बिघडतात. शाकाहारी असाल तर हा धोका जास्त. बी-१२ तपासून घ्या, कमी असेल तर ते भरून काढणं सोपं आहे.

मला संशय येतो तो मेटोप्रोलोलचा. बीपीच्या औषधांपैकी मेटोप्रोलोल, अटेनोलोल यांसारखी आणि लघवी वाढवणाऱ्या 'पाण्याच्या' गोळ्यांपैकी काही ताठरता कमी करू शकतात. टेल्मिसार्टनसारख्या औषधांचा सहसा तसा त्रास नसतो. पण मेटोप्रोलोल स्वतःच्या मनाने एका दिवशी बंद करू नका, एकदम थांबवल्यास हृदयावर उलटा ताण येतो. ते तुम्हाला फक्त बीपीसाठी दिलंय की हृदयाच्या कारणासाठी, हे डॉक्टरांना विचारा. फक्त बीपीसाठी असेल तर बहुधा बदलता येईल. मनाच्या आजाराच्या काही गोळ्याही इच्छा आणि वीर्यपतन या दोन्हींवर परिणाम करतात, तशी एखादी चालू असेल तर तीही सांगा.

आता गोळी. दोनदा घेऊन "लागू पडली नाही" असं म्हणणाऱ्या रुग्णांना मी विचारतो, त्या रात्री काय काय केलंत ते क्रमाने सांगा. उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. रविवारी मटणाचं भरपेट जेवण, साडेदहाला गोळी, पंधरा मिनिटांत प्रयत्न. किंवा गोळी घेऊन टीव्हीसमोर बसले आणि ताठरता आपोआप येईल म्हणून वाट बघितली. सिल्डेनाफिल रिकाम्या किंवा हलक्या पोटी घ्यायचं असतं, तेलकट-तुपकट जेवणावर घेतलं की परिणाम तासभर तरी लांबतो. घेतल्यावर साधारण एक तास थांबायचं, पुढचे चारेक तास तुमच्या हातात असतात. आणि गोळी स्वतः ताठरता आणत नाही. इच्छा, स्पर्श, जवळीक यांमुळे शरीरात जे सुटतं ते गोळी लवकर नष्ट होऊ देत नाही, एवढंच तिचं काम. जवळीकच नसेल तर तिला धरून ठेवायला काही मिळत नाही.

मात्रेचाही प्रश्न असतो. २५ मिलिग्रॅम घेऊन निराश झालेल्या कित्येकांना योग्य मात्रेत गुण आला आहे. पण मात्रा किती, हे मूत्रपिंड, बीपी आणि बाकीची औषधं बघून डॉक्टर ठरवतील. योग्य पद्धतीने, योग्य मात्रेत, सहा-आठ वेगवेगळ्या दिवशी घेतल्याशिवाय मी गोळीला नापास करत नाही. दुसरा पर्याय टाडालाफिल. त्याच्यावर जेवणाचा फारसा परिणाम होत नाही आणि ते सुमारे ३६ तासांपर्यंत काम करतं. ते रोज कमी मात्रेतही देता येतं, मग घड्याळाकडे बघायची वेळ येत नाही. ज्यांची मुख्य अडचण धास्ती आहे त्यांना मला ते जास्त आवडतं.

अपेक्षा किती ठेवायची, तेही सांगतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, २६८ मधुमेही पुरुषांवरच्या अभ्यासात सिल्डेनाफिल घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के जणांनी सुधारणा झाल्याचं सांगितलं. औषध नसलेली गोळी दिलेल्यांमध्ये हे प्रमाण १० टक्के होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त जणांना फायदा, पण सगळ्यांना नाही. फायदा न झालेल्यांत तुम्ही निघालात तरी पुढे वाटा आहेत, त्या खाली सांगतो.

एक गोष्ट मात्र कधीच चालणार नाही. हृदयासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी, नायट्रोग्लिसरीन किंवा निकोरँडिल यांपैकी काही चालू असेल, तर सिल्डेनाफिल-टाडालाफिल घ्यायचं नाही. बीपी इतकं खाली जातं की जिवावर बेतू शकतं. तसंच, गोळी घेतलेल्या रात्री छातीत दुखलं तर घरातली सॉर्बिट्रेट तोंडात टाकू नका. थेट दवाखान्यात जा आणि गोळी घेतल्याचं न लाजता सांगा. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट, म्हणजे सॉर्बिट्रेट-नायट्रोग्लिसरीनसारखी औषधं, देत नाहीत. मेडिकलमधून गुपचूप आणलेल्या गोळीचा खरा धोका हाच आहे, की घरात कोणालाच ते माहीत नसतं. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर तेही आधी सांगायचं. आणि तुम्ही ग्लिमेपिराइड घेता, म्हणून आणखी एक सूचना. उपाशीपोटी दगदग झाली की साखर घसरू शकते. संबंधाच्या वेळी दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड झाली तर ती साखर उतरल्याची खूण असू शकते. उशाशी ग्लुकोजची पुडी ठेवा.

टेस्टोस्टेरॉनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे कोणीतरी इंजेक्शन सुचवेलच. इच्छाच कमी झाली असेल, दाढी-केस विरळ झाले असतील, थकवा असेल, तर ते तपासावं. मधुमेह आणि सुटलेलं पोट या जोडीत ते बऱ्याचदा कमी निघतं. तपासणी सकाळी लवकर, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. दुपारी चारला रक्त देऊन आलेल्या एका रिपोर्टवर इंजेक्शन सुरू केलेले रुग्ण माझ्याकडे आलेले आहेत, त्याचं मला वाईट वाटतं. ज्यांना अजून मूल हवंय त्यांना तर हे इंजेक्शन द्यायचंच नसतं, त्याने शुक्राणू तयार होणं थांबतं.

तुमचं डापाग्लिफ्लोझिन चालू आहे, म्हणून शिश्नाच्या पुढच्या कातडीबद्दल विचारतो. खाज, लाली, पांढरा थर, कातडी मागे घेताना चिरा पडणं असं काही आहे का? हे औषध जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतं, त्यामुळे तिथे बुरशी फोफावते. भारतात २०२० मध्ये त्याचं पेटंट संपलं, किमती उतरल्या आणि तेव्हापासून हा त्रास मला जास्त दिसू लागला. औषध हृदय आणि मूत्रपिंडासाठी चांगलं आहे, म्हणून एवढ्यावरून ते लगेच सोडायचं नाही. लघवीनंतर आणि आंघोळीच्या वेळी कातडी मागे घेऊन साध्या पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, बुरशीचं मलम वेळेवर लावायचं. पत्नीला पांढरं जाणं, खाज असेल तर त्यांचेही उपचार बरोबरच करायचे. वारंवार झालं तर औषध बदलता येतं. तिथे सूज, ताप आणि तीव्र वेदना आल्या तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधुमेह आहे हे माहीतच नसलेले तरुणही कातडीच्या चिरांची तक्रार घेऊन येतात. एकतीस वर्षांचा एक मुलगा सुंता करून द्या म्हणून आला होता, त्याची साखर ३८० निघाली. साखर आटोक्यात आली तशी कातडी बरी झाली, ऑपरेशन लागलंच नाही.

वीर्य येत नाही किंवा फारच थोडं येतं, ही आणखी एक तक्रार. सुख होतं, पण बाहेर काही येत नाही. मूत्राशयाचं तोंड त्या क्षणी बंद करणारे मज्जातंतू बिघडले की वीर्य उलट मूत्राशयात जातं आणि नंतरची लघवी गढूळ दिसते. यात ताकद जाते, धातू जातो, हे सगळे गैरसमज. अपायही काही नाही. अडचण फक्त मूल हवं असेल तेव्हा. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या एका तरुणाच्या पत्नीवर तीन वर्षं वंध्यत्वाचे उपचार चालले होते, त्याची लघवी कोणी तपासलीच नव्हती. तपासल्यावर शुक्राणू लघवीत सापडले. अशा वेळी ते वेगळे करून गर्भधारणेसाठी वापरता येतात.

गोळ्यांनी भागलंच नाही तर लिंगावर नळी बसवून हवा काढून रक्त ओढणारा पंप आहे. लिंगात बारीक सुईने द्यायचं इंजेक्शन आहे, ते मूत्ररोगतज्ज्ञांकडून शिकून घ्यावं लागतं. त्यानंतर चार तासांहून जास्त ताठरता राहिली तर ती आणीबाणी समजायची. आणि सगळ्यांत शेवटी ऑपरेशन करून बसवायचं इम्प्लांट. मधुमेहात आधी साखर नीट आणून मगच ते करतात, नाहीतर जंतुसंसर्गाची भीती.

साखर आटोक्यात आणल्यावर सगळं परत येईल का? मेलेले मज्जातंतू तसेच्या तसे परत येत नाहीत, असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पण बिघाड पुढे सरकणं मंदावतं आणि गोळीला चांगला प्रतिसाद मिळतो, हे मी वारंवार पाहिलंय. पोट कमी करण्याचा फायदा मात्र थेट दिसतो. इटलीतल्या २००४ सालच्या अभ्यासात लठ्ठ पुरुषांना दोन वर्षं आहार आणि व्यायामावर ठेवलं, तेव्हा साधारण तिघांपैकी एकाची ताठरता औषधाविना पूर्ववत झाली. त्यांना मधुमेह नव्हता, त्यामुळे तुमच्यासाठी तेवढा आकडा धरू नका, पण दिशा तीच. तंबाखू असेल तर आजच सोडा, वाहिन्यांवर तिच्याइतका लवकर परिणाम फार थोड्या गोष्टी करतात.

आणि रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर, तंबूतल्या दवाखान्यांच्या पाट्यांवर जे "गुप्तरोग, खात्रीशीर इलाज" लिहिलेलं असतं, तिकडे जाऊ नका. लैंगिक ताकदीच्या औषधांच्या अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. "शंभर टक्के जडीबुटी" म्हणून विकलेल्या कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिलच मिसळलेलं अनेकदा सापडलंय. म्हणजे कोणती मात्रा पोटात जातेय ते कळत नाही, आणि हृदयाची गोळी चालू असेल तर वर सांगितलेला धोका तसाच.

राहता राहिलं घर. तुम्ही सहा महिने पाठ फिरवून झोपताय आणि कारण सांगत नाही आहात. त्यातून पत्नीने तो अर्थ काढला, यात त्यांचा दोष नाही. त्यांना असं सांगा, "साखरेमुळे माझ्या नसा आणि रक्तवाहिन्या बिघडल्यात, म्हणून हे होतंय. तुझ्यावरचं मन उडालेलं नाही." एवढं बोलायला पुष्कळ धीर लागतो, मला माहीत आहे. पण ज्या जोडप्यांनी हे बोलून घेतलं त्यांच्यात निम्मी धास्ती त्याच रात्री उतरलेली मी बघितलीय. चाळिशीनंतर त्यांनाही कोरडेपणाचा, दुखण्याचा त्रास होत असेल आणि त्या तुम्हाला सांगत नसतील, तेही विचारा. त्यावर साधं पाण्याचं जेल मिळतं. उपचार लागू पडेपर्यंत जवळ बसणं, हात धरणं, कुशीत झोपणं थांबवू नका.

पुढच्या भेटीला साखरेचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि मेडिकलमधून आणलेल्या त्या गोळीचं पाकीटही बरोबर न्या. पत्नीलाही घेऊन जा, आणि औषधं आणायला त्यांना आधीच खाली पाठवू नका.